तळटीप : सीमेपलीकडचा विक्रेता

लेखकाने ‘आयोगाने एअरबीएनबीला नमवले’ असे म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक-संरक्षण कायद्याखाली दंड करण्याचा अधिकार ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाकडे नाही, तो त्या त्या देशाच्या ग्राहक यंत्रणेकडे आहे. आयोग समन्वय साधतो. लिस्बनच्या ग्राहकांना डब्लिनचा विक्रेता फसवत असेल, तर पोर्तुगालची यंत्रणा आयर्लंडच्या यंत्रणेला कारवाईची विनंती करते. १७ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या २०१७/२३९४ या नियमाने या यंत्रणांना किमान समान अधिकार दिले. आपली ओळख लपवून खरेदी करून पाहणे हा त्यांतला एक. दुसरा उपाय उरला नाही, तर वेबसाइटवरचा मजकूरही त्या हटवायला लावू शकतात.

एअरबीएनबीचे प्रकरण मात्र त्याआधीच्या, २००४ च्या नियमाखालचे. घर शोधताना एक दर दिसे आणि सफाईचे पैसे, सेवाशुल्क पुढे चढत जाई. जुलै २०१८ मध्ये बदलाची मागणी झाली, वर्षभराने एकूण रक्कम सुरुवातीलाच दिसू लागली. यात पुढाकार नॉर्वेच्या यंत्रणेचा होता. नॉर्वे युरोपीय संघात नसूनही युरोपीय आर्थिक क्षेत्रामुळे या व्यवस्थेत आहे, आणि या श्रेयाचा उल्लेख मूळ मजकुरात यायलाच हवा होता.

एकेका ग्राहकाचे पैसे परत मिळवून देणे हे या यंत्रणांच्या जाळ्याचे काम नव्हे. त्यासाठी युरोपीय ग्राहक केंद्रे मध्यस्थी करतात, पण विक्रेत्यावर सक्ती करू शकत नाहीत. — संपादक