एक-दोन व्होल्टची करामत : चिपवर प्रकाश आणि आरसे कसे नाचवले जातात?

तुम्ही मोबाइलवर रील उघडता, तेव्हा तो व्हिडिओ डेटा सेंटरमधून निघून बहुतेक प्रवास काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपात करतो. पण चिपला कळतात फक्त विजेचे ० आणि १. मग विजेचं प्रकाशात रूपांतर कोण करतं? उत्तर आहे, इलेक्ट्रो-ऑप्टिक मॉड्युलेटर.

मॉड्युलेटर काम कसा करतो?

लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकाला व्होल्टेज दिलं की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग किंचित बदलतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये याचा अभ्यास केला, म्हणून हा 'पॉकेल्स परिणाम'. मॉड्युलेटरमध्ये लेसरचा प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणतात. लाटा एका तालात जुळल्या तर उजेड, उलट्या पडल्या तर अंधार. म्हणजेच १ किंवा ०. हे सेकंदाला अब्जावधी वेळा घडतं.

व्होल्टेज कमी का हवं?

आधुनिक चिपमधले ट्रान्झिस्टर साधारण १ व्होल्टवर चालतात. जुन्या धाटणीच्या मॉड्युलेटरला ३ ते ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे मध्ये ॲम्प्लिफायर बसवावा लागतो. शिवाय खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते. व्होल्टेज निम्मं केलं, तर ऊर्जा एक चतुर्थांशावर येते.

२०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्को लोन्चार यांच्या गटाने आणि नोकिया बेल लॅब्जने यावर मार्ग दाखवला. त्यांनी लिथियम नायोबेटचा अतिपातळ थर वापरला. त्यात प्रकाश अरुंद वाटेत कोंडला जातो आणि इलेक्ट्रोड जवळ आणता येतात. २० मिलिमीटर लांबीच्या मॉड्युलेटरला उजेडापासून अंधारापर्यंत जायला फक्त १.४ व्होल्ट पुरले.

आणि मायक्रो-ॲक्च्युएटर?

केसांतून फिरवलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे ओढले जातात. तेच स्थिरविद्युत बल इथे सूक्ष्म भाग हलवतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या चिपवर असे लाखो आरसे कलतात. थिएटरमधले अनेक डिजिटल प्रोजेक्टर त्यावरच चालतात. आरसा एकदा कलला की त्याला त्या जागी धरून ठेवायला जवळपास वीज लागत नाही.

अडचण कुठे आहे?

दोन्हीकडे युक्ती एकच, अंतर कमी करा. पण मॉड्युलेटरमध्ये इलेक्ट्रोड फार जवळ आले, तर धातूच प्रकाश शोषून घेतो. समांतर पट्ट्यांच्या ॲक्च्युएटरमध्ये हलणारी पट्टी मूळ अंतराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकली, तर तोल जातो आणि ती झटकन समोरच्या पट्टीला जाऊन चिकटते. त्यामुळे व्होल्टेज किती उतरवता येईल, हे शेवटी या काही मायक्रोमीटरच्या फटीवर ठरतं.