दोन षटकांमधली गाडी

क्रिकेटच्या सामन्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन षटकांच्या मध्ये पडद्यावर जे येत असे, आणि ते पाहून समोर बसलेली माणसे काय बोलत असत, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. अमेरिकेत तसे नाही. तेथे 'सुपर बोल' नावाचा फुटबॉलचा अंतिम सामना असतो (तिथला फुटबॉल म्हणजे लांबोडका चेंडू हाती धरून पळण्याचा खेळ), आणि त्या सामन्यातील जाहिरातींना प्रेक्षकांकडून गुण देण्याचा उपक्रम 'यूएसए टुडे' या दैनिकाने १९८९ साली सुरू केला. २०११ च्या सामन्यात फोक्सवॅगनची एक जाहिरात आली : काळा मुखवटा घातलेला लहान मुलगा मोटारीवर आपल्या मंत्राचा प्रयोग करतो. त्याच सामन्यात क्रायस्लरने दोन मिनिटे भरून उद्योग बुडालेले डेट्रॉइट शहर दाखवले आणि त्या पडझडीतूनच मोटार विकली. या जाहिराती कोणाला आवडल्या, कोणाला खटकल्या, याचा कागदोपत्री पुरावा आज उपलब्ध आहे. आपल्याकडे सुपर बोलची जागा क्रिकेटची, आणि मोटारीची जागा बराच काळ दुचाकीची. पुरावा मात्र कुठे शोधायचा हे कोणी सांगत नाही. नांदेड-लातूरकडच्या प्रेक्षकापुरता तरी तो कुठे सापडतो, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

आम्ही वर्गात ईझरचा 'अभिप्रेत वाचक' शिकवतो. जाहिरातीइतके या संकल्पनेचे उघड उदाहरण दुसरे नसेल. प्रत्येक जाहिरातीत एक अभिप्रेत प्रेक्षक बसलेला असतो, आणि त्याच्या खिशात पैसे असतात. औशाच्या किंवा मुखेडच्या एखाद्या वाड्यात, जेथे एका संचासमोर तीस-चाळीस माणसे बसत, तेथे असा प्रेक्षक एखादाच निघाला तर निघाला. उरलेल्यांनी त्या जाहिरातीचे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

आरंभ जाहिरातीने झाला नाही, बक्षिसाने झाला. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारताने पाकिस्तानला हरवून 'वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट' जिंकली आणि रवी शास्त्रीला ऑडी १०० ही मोटार मिळाली. सारा संघ त्या मोटारीत शिरून, टपावर चढून मैदानाला फेरी मारतो आहे, हे दृश्य त्या पिढीला आजही आठवते. पैसे देऊन केलेली कोणतीही जाहिरात इतकी टिकली नसावी. आपल्याकडे मारुती ८०० रस्त्यावर येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. मोटार म्हटली की अँबॅसिडर नाहीतर फियाट. तालुक्याच्या गावी ऑडी हे नाव उच्चारायचे कसे हाच पहिला प्रश्न होता. गंमत अशी की २००७ पासून याच ऑडीच्या मोटारींची जुळणी मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, स्कोडाच्या कारखान्यात होऊ लागली. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच शहरातील खरेदीदारांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. अभिप्रेत प्रेक्षक मराठवाड्यातही जन्मला, यात शंका नाही. तो लातूरच्या आडत बाजारातल्या हमालाच्या घरी जन्मला नाही, इतकेच.

१९८५ हेच वर्ष बजाजच्या वाळूज येथील कारखान्याचेही. नांदेड, परभणी, बीड, लातूरकडची मुले आयटीआय करून तिकडे जाऊ लागली. म्हणून १९८९ साली 'हमारा बजाज' ही जाहिरात आली तेव्हा मराठवाड्यातील पुष्कळ घरांत 'हमारा' या सर्वनामाला एक शब्दशः अर्थ होता : आपल्या चुलतभावाने जोडलेली गाडी. अलीक पदमसींच्या लिंटासने ती जाहिरात केली तेव्हा त्यांच्यासमोर 'बुलंद' भारत होता. औद्योगिक वसाहतीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणारा चुलतभाऊ नव्हता. तरीही त्या 'हमारा'वर ज्यांचा सर्वांत पक्का हक्क होता त्यांत तो बसतो. स्कूटर जोडणारे हात आणि स्कूटर विकणारे शब्द एकाच घरात, एकाच संध्याकाळी भेटावेत, असे आपल्या प्रदेशात क्वचित घडले आहे. चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्या काळातली ही गोष्ट. विकत मिळत नसलेल्या वस्तूची जाहिरात पाहणे हा एक वेगळाच आस्वाद असतो. त्यात लोभ कमी आणि अभिमान जास्त.

येथे भाषेचा मुद्दा येतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीत समालोचन केले आणि क्रिकेटला मराठी शब्द दिले. दूरदर्शनवर खेळ आला तो हिंदी-इंग्रजीतून, आणि जाहिराती तर जवळजवळ पूर्णपणे हिंदीतून. पुण्या-नाशिकच्या अभ्यासकाला यात मराठीची पीछेहाट दिसेल. मराठवाड्यात तितके सरळ नाही. १९४८ पर्यंत येथे शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. देगलूर-उदगीरच्या बाजारात दखनी, कन्नड, तेलुगू एकाच वजनकाट्याभोवती बोलल्या जातात. जाहिरातीतले हिंदी आमच्याकडे परके म्हणून आले नाही, ते मोडून वापरण्यासाठी आले. आमच्या पिढीतील मुलांनी 'हमारा बजाज' म्हटले ते चेन पडलेल्या सायकलीला, डबल सीट बसलेल्या मित्राला, एकदा तर वर्गातल्या बजाज आडनावाच्या मुलालाही. हिरो होंडाचे 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' हे इंग्रजी वाक्य तर इंग्रजी न येणाऱ्यांनाही पाठ होते. ते पेट्रोलबद्दल आहे हे कित्येकांना ठाऊक नव्हते. जेवणाच्या डब्यालाही ते लागू पडत असे. हा प्रतिसाद विडंबनाचा आहे. गाडी घेता येत नाही, तर तिची भाषा घेऊन तिला आपल्या वस्तूंवर बसवायचे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला यात काही नवे वाटू नये.

१९९३ च्या नोव्हेंबरमधली स्पर्धा तर दुचाकी-सायकलवाल्यांच्याच नावाची : हिरो कप. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्याला दोन महिनेही झाले नव्हते. कोलकात्याच्या प्रकाशझोतात सचिनने उपांत्य सामन्याचे शेवटचे षटक टाकले, अंतिम सामन्यात कुंबळेने बारा धावांत सहा बळी घेतले. त्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जो वाद पेटला, त्यातून फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सांगणारा. त्यानंतर खासगी वाहिन्यांसाठी बाजार खुला होत गेला आणि षटकांमधला वेळ महाग झाला. औसा-उमरग्याच्या पट्ट्यात मात्र त्या हिवाळ्यात माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा लेखी पुरावा कुठे आहे? माझ्या मते तो लग्नाच्या यादीत आहे.

मराठवाड्यात सोयरीक जमली की 'याद्या' होतात. दोन्हीकडची मंडळी बैठकीत बसतात, वरती 'श्री' घालून कागदावर कोणी काय करायचे ते लिहिले जाते, खाली सह्या होतात. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यामुळे रोख रकमेचा आकडा बऱ्याचदा कागदावर येत नाही, तो तोंडी राहतो. वस्तू मात्र भेट म्हणून लिहिता येते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या यादीकडे एक संहिता म्हणून पाहावे. तिची शैली कोरडी आहे, क्रियापदे जवळजवळ नाहीत, सगळी नामेच. आधी तिच्यात घड्याळ, सायकल, रेडिओ अशी सामान्यनामे असत. पुढे मोटारसायकल आली, आणि नव्वदच्या दशकात 'मोटारसायकल' हे सामान्यनाम मागे पडून तेथे 'हिरो होंडा' हे विशेषनाम बसले. सामान्यनामाचे विशेषनाम होणे, हा जाहिरातीचा खरा विजय. राजदूत किंवा येझदी देऊ केली तर वरपक्षाचे तोंड वाकडे होई. लिहिले ते लिहिले. ज्या घरात पोराने वर्षानुवर्षे गंमत म्हणून ती इंग्रजी ओळ म्हटली होती, तेथेच एके दिवशी ती ओळ कागदावर उतरली.

म्हणजे एकाच खोलीत, एकाच षटकानंतर, एकच जाहिरात दोन प्रेक्षक पाहत होते. पोराला ती गाणे म्हणून ऐकू येत होती. शेजारी टेकून बसलेल्या, दोन मुली लग्नाच्या असलेल्या बापाला ती येणाऱ्या बिलासारखी दिसत होती. बाप काही बोलत नसे. 'आवाज कमी करा रे' म्हणे. आतल्या घरात चुलीशी असलेल्या, सामना न पाहणाऱ्या पण जाहिरात ऐकू येणाऱ्या मुलीचा प्रतिसाद तर कोणत्याच मापकाने मोजलेला नाही. गाडीवर मागे, पदर सावरत बसलेली हसरी स्त्री हा त्या काळच्या दुचाकी जाहिरातींतला ठरलेला तपशील. ती गाडी कोणाच्या बापाने घेतली, हे जाहिरातीत कधी आले नाही. ते यादीत आले.

एखादा म्हणेल की हुंडा जाहिरातीआधीही होता. होताच. पण जमीन विकून मुलगी उजवण्याच्या जुन्या व्यवहाराला जाहिरातीने एक आकर्षक नाव पुरवले, आणि ते नाव मागणे हे भीक मागण्यासारखे न वाटता काळाबरोबर असण्यासारखे वाटू लागले. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भाग नजरेआड करू नये.

सचिनच्या फेरारीचा प्रसंग त्या मानाने किरकोळ, पण प्रेक्षकाचा स्वभाव त्यात दिसतो. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मिळाली. फियाट पॅलिओच्या जाहिरातीत तो आधीपासून होताच. आयात शुल्काचे सुमारे १ कोटी १३ लाख रुपये सरकारने माफ केले, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. शास्त्रीच्या ऑडीच्या वेळी न झालेली चर्चा सचिनच्या वेळी झाली. मधल्या सतरा वर्षांत प्रेक्षक हिशेब विचारायला शिकला होता.

त्याचा स्वतःचा हिशेब मात्र कोणी ठेवत नव्हते. प्रेक्षकसंख्येचे मापक बराच काळ शहरांपुरतेच होते. बार्क या संस्थेची ग्रामीण भागाची आकडेवारी यायला २०१५ चा ऑक्टोबर उजाडला. पुढच्याच उन्हाळ्यात, ९ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत आयपीएल सुरू झाले. मारुतीची नवी व्हिटारा ब्रेझा त्या स्पर्धेची भागीदार होती. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानावर पाणी मारण्याचा तो वाद होता, आणि सामने गेले तरी ते पाणी लातूरच्या घागरीत येणार नव्हते हे आमच्याकडे सर्वांना कळत होते. सामने पडद्यावर दिसत राहिले. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात स्वच्छ धुतलेली, चकचकीत गाडी दिवसातून कितीतरी वेळा दिसत राहिली. तिच्या रंगाकडे कोणाचे लक्ष गेले असेल सांगता येत नाही. ती धुवायला किती पाणी लागते, याकडे नक्की गेले.

२०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर मराठी समालोचनासह आले. पंडितांच्या नंतर इतक्या वर्षांनी मराठी परतली, आणि नेमकी त्याच वेळी ती तीस-चाळीस माणसांची खोली उरलेली नव्हती. जो तो आपल्या पडद्यात. त्या हंगामात सीमारेषेजवळ टाटांची टियागो ईव्ही उभी असे. चेंडू तिला लागला तर कर्नाटकातील कॉफीच्या मळ्यांसाठी पाच लाख रुपये देण्याची योजना होती. चेन्नईत लखनौविरुद्ध ऋतुराज गायकवाडचा चेंडू तिच्यावर आदळला आणि पत्र्याला पोचा पडला. निलंग्याच्या बसमध्ये एकाच मोबाइलवर दोघे हे पाहत होते. एक म्हणाला, पाच लाख. दुसऱ्याने गाडीची किंमत विचारली, मग त्याच्या बहिणीच्या यादीत आता चारचाकी लिहायला सांगताहेत, असे म्हणून तो खिडकीबाहेर पाहू लागला.