दोन मिनिटांचा अंधार

आमची आजी परांड्याची. सुपारी कातरता कातरता ती सांगे, "मी तेव्हा आठ वर्षांची. भर दुपारी तिन्हीसांजा झाल्या, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. आईने मला देवघरात कोंडले, म्हणून मी काही पाहिले नाही."

ते ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे, पौषी अमावास्येचे. परांडा तेव्हा निजामाच्या मुलखात, तर पश्चिमेला थोड्या कोसांवरचे जेऊर इंग्रजी अमलात. पण चंद्राच्या सावलीला सरहद्द कसली! जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला दुर्बिणी लावून बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. जेमतेम दोन मिनिटांत सूर्याभोवतीचे शुभ्र प्रभामंडल टिपायचे, त्यासाठी एवढा खटाटोप.

ते प्रभामंडल काय, हे पुढे उलगडले. तो दहा लाख अंशांच्या घरात तापलेला वायू. त्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटलेले. यालाच प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या डागांत चुंबकत्व आहे, हे हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले. या चुंबकत्वाच्या पकडीत इलेक्ट्रॉन जात्यासारखे एकाच दिशेने गरगरतात.

सूर्याकडून प्रकाशाप्रमाणे रेडिओलहरीही येतात. काही लहरींना उजवा वा डावा पीळ असतो; शास्त्रात त्याला वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. पहाटे दोघी दळायला बसल्या आणि दुसरीने त्याच दिशेने, त्याच लयीत खुंटा ओढला, की तिचे बळ जात्यात उतरते. तसेच येथे घडते. पीळ आणि लय जुळली की इलेक्ट्रॉन लहरीची शक्ती पिऊन टाकतात; उलट्या पिळाची लहर बहुतेक निसटून येते. कोणता पीळ कमी पडला हे पाहून ताऱ्याच्या चुंबकत्वाचा अंदाज बांधता येतो.

१९६५ मध्ये गोविंद स्वरूप यांनी कल्याणला ३२ लहान तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. पुढे त्यांच्याच पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांनी दूरच्या चुंबकीय ताऱ्यांकडून येणारे, जवळजवळ एकाच पिळाचे रेडिओस्पंदही टिपले आहेत.

जेऊरच्या माळावर जे दोन मिनिटे दिसले, त्याचा अर्थ लावायला अनेक पिढ्या लागल्या. आजीच्या वाट्याला मात्र देवघराचा काळोख आला. पुढच्या ग्रहणाला नातीच्या हाती मी ग्रहणाचा चष्मा देणार आहे. दार उघडे राहील.