दचकणारी मुले आणि गोष्टींवरचा आळ

झोप लागून तास-दीड तास झालेला असतो आणि तीन-चार वर्षांचे मूल एकाएकी किंचाळत उठून बसते. डोळे टक्क उघडे, अंगाला दरदरून घाम, छाती धडधडणारी. पण समोरची आई त्याला ओळखू येत नाही. जवळ घ्यावे तर ते तिलाच ढकलते. काही मिनिटांनी ते आपसूक आडवे होते आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. आठवते ते घरच्यांना. झोपेत दचकणे, धसका घेणे असे आपण म्हणतो. वैद्यकाच्या परिभाषेत याला ‘नाइट टेरर’ म्हणतात आणि दुःस्वप्नापासून ते वेगळे मानतात. या प्रसंगाशी माणसे कशी वागत आली याचा मागोवा घेऊ लागले की एक बाब ठळकपणे जाणवते. उपायाच्या आधी आरोपी शोधला गेला आहे, आणि तो बहुधा दोघांपैकी एक आहे : मूल सांभाळणारी स्त्री, किंवा तिने सांगितलेली गोष्ट. साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला यातला दुसरा आरोप तपासून पाहणे भाग आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचे वर्णन येते. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, नैगमेष ही त्यांतली काही नावे. त्यांच्या लक्षणांत आजचा वाचक ताप, आचके, अतिसार अशा कितीतरी व्याधी ओळखील. तेव्हा बालग्रह म्हणजे रात्रीचे भय असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. तरीही क्षणात दचकणारे, क्षणात रडणारे, नखादातांनी स्वतःला आणि दाईला ओरबाडणारे मूल माधवनिदानाच्या बालरोगप्रकरणात स्पष्ट दिसते. हे ग्रह लागतात कशाने? आई किंवा दाई यांच्या अपचाराने, अस्वच्छतेने, मंगलाचार न पाळल्याने, असे सुश्रुत सांगतो. येथवर आरोप ओळखीचाच आहे. पण त्याच यादीत पुढे भ्यालेले, धमकावलेले आणि मार खाल्लेले मूल येते. म्हणजे ग्रह येतो तो मोठ्यांच्या धाकाने उघडलेल्या वाटेनेही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील उपदेश याहून नेमका आहे. मूल रडत असो, जेवत नसो की ऐकत नसो, राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये. बागुलबुवाच्या आपल्या लाडक्या प्रथेला झालेला हा विरोध किती जुना आहे! यात गंमत अशी की, पूतना ही प्राचीन वैद्यकाने खरीच मानलेली बाधा आहे. तिचे अस्तित्व नाकारून नव्हे, तर मान्य करूनच मुलासमोर तिचे नाव काढण्यास मनाई केली आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात आणखी एक बारीकशी सूचना आहे : मुलाला त्याच्या अंगाला सुख होईल असे उचलावे, त्याला दरडावू नये, आणि झोपेतून एकदम जागे करू नये, कारण त्याने ते भिते. ग्रहांच्या बली-धूपांच्या विस्तारात हे वाक्य सहज नजरेआड होते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत टिकाऊ वाक्य हेच आहे.

घरोघरी मात्र टिकले ते दृष्ट काढणे. मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात, कपाळी अंगारा लावावा, निजताना भीमरूपी म्हणावी. समर्थांच्या त्या स्तोत्राच्या फलश्रुतीत भूतप्रेतबाधेच्या नाशाचे आश्वासनही आहेच. मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडतात तेव्हा मूल बहुधा पुन्हा गाढ झोपलेले असते. हा विधी त्याच्यासाठी नाही, ज्यांची झोप उडाली आहे त्यांच्यासाठी आहे. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. थरथरणाऱ्या हातांना काहीतरी काम लागतेच.

युरोपात गोष्टीवरचा आरोप अधिक उघडपणे मांडला गेला. देव परक्याच्या रूपात रात्री हिंडतात असे सांगून आयांनी मुलांना भिववू नये, असे प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात म्हटले. जॉन लॉकने 1693 मधील शिक्षणविषयक ग्रंथात नोकरमाणसांच्या भुताखेतांच्या गोष्टींना दोष दिला : अंधार आणि भूत यांची सांगड एकदा पडली की ती आयुष्यभर सुटत नाही. लॉकचे म्हणणे वरवर चरकासारखे वाटते, पण तसे ते नाही. चरक धाक दाखवण्याचा निषेध करतो. लॉकच्या मते भुतांची कल्पनाच मुलाच्या कानी पडू नये.

याला उत्तर मिळाले ते 1821 साली, ‘लंडन मॅगझीन’मधून. ‘एलिया’ या नावाने लिहिणाऱ्या चार्ल्स लॅमने ‘विचेस अँड अदर नाइट फिअर्स’ या निबंधात आपल्या बालपणाच्या रात्री सांगितल्या आहेत. वडिलांच्या कपाटात स्टॅकहाउसचा बायबलचा सचित्र इतिहास होता. त्यात सॅम्युएलचे प्रेत उठवणाऱ्या चेटकिणीचे चित्र होते, आणि चौथ्या वर्षापासून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ते त्याच्या उशाशी बसून राहिले. एवढे सांगूनही लॅम त्या चित्राला दोषी ठरवत नाही. पुस्तक, चित्र किंवा नोकरांच्या गोष्टी भय निर्माण करत नाहीत, फार तर त्याला दिशा देतात, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून तो ली हंटच्या छोट्या मुलाकडे बोट दाखवतो. भुताखेतांचा वाराही लागू न देता वाढवलेले हे मूल रात्री भयाने घामाघूम होतच असे. लॅमचा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर : मुलाला अंधारात एकटे निजवण्यावर. किंचाळून जागे झालेले मूल ओळखीचा हात चाचपडत शोधते आणि तो सापडत नाही. त्यापेक्षा मध्यरात्रीपर्यंत दिव्याच्या उजेडात जागे ठेवलेले बरे, असे तो वैद्यकीय सल्ल्याच्या थाटात सांगतो.

येथे एक भेद करायला हवा. लॅमला आपले भय आठवते. याचाच अर्थ ते दुःस्वप्न किंवा जागेपणीची धास्ती असावी. खरे ‘नाइट टेरर’ आठवणीत उरतच नाही, त्यामुळे त्याची प्रथमपुरुषी साक्ष साहित्यात मिळणे जवळपास अशक्य. जे मिळते ते उशाशी बसलेल्याचे निवेदन.

अशा बसण्याचे एक चित्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या आठवणींत आहे. एडिंबरोच्या घरात हा आजारी मुलगा रात्री भिऊन उठे तेव्हा वडील येऊन बसत आणि गाडीवान, खानावळवाला यांच्याशी खोटेखोटेच संभाषण करत राहत. त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम हिने त्याला नरकाच्या कथाही ऐकवल्या आणि रात्र रात्र उराशीही धरले. 1885 साली ‘अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस’ त्याने तिलाच अर्पण केले. लॉकच्या हिशेबात ही बाई कोठे बसवायची?

1953 साली स्वप्नांशी निगडित निद्रावस्थेचा शोध लागल्यावर या वादाला निराळे वळण मिळाले. 1968 मध्ये रॉजर ब्रॉटनने ‘सायन्स’मधील लेखात मांडले की झोपेत चालणे आणि ‘नाइट टेरर’ स्वप्नावस्थेत होत नाहीत. रात्रीच्या पूर्वार्धातल्या गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होताना ते घडतात. आज त्यामागे अपुरी झोप, ताप, अनियमित वेळा आणि आनुवंशिकता ही कारणे मानली जातात. गाढ झोपेच्या त्या थरात जेथे रचलेली कथाच क्वचित असते, तेथे संध्याकाळी ऐकलेल्या राक्षसाला गुन्हेगार ठरवणे कठीण आहे. दुःस्वप्नाच्या बाबतीत मात्र गोष्ट पूर्णपणे सुटत नाही, हेही मान्य करायला हवे.

डॉक्टर आज सांगतात तेही सुश्रुतापासून फार दूर नाही : हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे, जवळ थांबावे. बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर थांबतो. फारच वारंवार होत असेल तर ब्रायन लास्क यांनी 1988 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुचवलेली रीत आहे. आईवडिलांनी पाच रात्री जागून दचकण्याची वेळ टिपायची, आणि मग रोज त्याआधी दहा-पंधरा मिनिटे मुलाला हळूच जागे करून पाच मिनिटांनी पुन्हा झोपू द्यायचे. यासाठी औषध लागत नाही. घड्याळ लागते, आणि रात्री उठणारे कुणीतरी लागते.