बॉल पायथनच्या पिल्लाला काय, किती आणि कधी खायला द्यायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडून महसूल गुप्तचर संचालनालयाने ९ बॉल पायथन जप्त केले. मूळचा आफ्रिकेतला हा साप मुंबईतल्या घरांतही पाळला जातो. पण त्याच्या पिल्लाला खायला काय द्यायचं?

काय आणि किती?
दूध किंवा चिकनचे तुकडे नाही, तर अख्खा उंदीर. तो सापाच्या शरीराच्या सर्वांत रुंद भागाइतकाच जाड असावा. वजन सापाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला १० ते १५ ग्रॅमचा उंदीर. दर ५ ते ७ दिवसांनी एक पुरतो.

कसं द्यायचं?
जिवंत उंदीर सापाला चावू शकतो, म्हणून गोठवलेला उंदीर वापरतात. तो फ्रीजमध्ये पूर्ण वितळवून गरम पाण्यात कोमट करावा. मायक्रोवेव्ह नको. रात्री लांब चिमट्याने द्यावा आणि नंतर ४८ तास सापाला हाताळू नये, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो.

खात नसेल तर?
कात टाकण्याआधी भूक मंदावते. पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश आहे का, लपायला जागा आहे का, हे पाहावं. वजन घटत असेल तर पशुवैद्य गाठावा. जबरदस्तीने भरवू नये.

पाळणं कायदेशीर आहे का?
२०२४ च्या नियमांनुसार बॉल पायथनची परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आढळणारा भारतीय अजगर मात्र पाळणं हा गुन्हाच आहे.