बाळंतिणीचे आठ आणे

गिरणीतली बाई बाळंतपणासाठी घरी बसली की तिची रोजी बुडायची. घरात एक तोंड वाढायचे, अन् नेमकी तेव्हाच कमाई थांबायची! मग सावकार होताच.

१९१९ साली वॉशिंग्टनच्या मजूर परिषदेने ठरवले, की बाळंतिणीचा खर्च सरकारी निधीतून किंवा विम्यातून भागवावा. आपल्याकडे ना असा निधी होता, ना विमा. १९२४ साली ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई कौन्सिलात आसवल्यांचे विधेयक आले. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मोठी रोखठोक मांडणी केली : खरे तर हा भार बहुतांशी सरकारचा, पण बायकांना कामावर ठेवून मालक फायदा मिळवतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

१९२९ चा कायदा झाला. सात आठवडे, दिवसाला साधारण आठ आणे. मात्र सरकार बाजूला राहिले, सगळा भार एकट्या मालकावर! बाईला कामावर घेणेच मालकाला महाग वाटू लागले, तर नवल काय? पुढे गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशीही कारणे होती. सारा दोष या कायद्याच्या माथी मारू नये.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने मालक-कामगारांच्या वर्गणीतून निधी उभा केला. विम्याबाहेरच्यांसाठी १९६१ चा कायदा आला. त्यातली रजा २०१७ साली बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पैसे मात्र मालकाच्याच गल्ल्यातून.