खानदेशचा शेजारधर्म : विरजण आणि बिबडे

गेल्या वैशाखात पुण्याहून आमची पुतणी जळगावास आली, तेव्हा तिने दोन वस्तू बरोबर आणल्या होत्या. एक, तिने घरी भाजलेला, जाड कवचाचा, आंबूस वासाचा पाव; आणि दुसरी, काचेच्या बरणीतले बुडबुडे येत असलेले सैलसर पीठ. पाव खाण्यासाठी होता, बरणी सांभाळण्यासाठी. त्या पिठाला रोज थोडे नवे पीठ आणि पाणी घालावे लागते, म्हणजे ते जिवंत राहते. त्यातले चमचाभर काढून दुसऱ्यास दिले की त्याच्याही घरी तसाच पाव होऊ शकतो, असे तिने सर्वांस समजावून सांगितले. आमच्या काकू मूळच्या धुळ्याकडच्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बरणीचे झाकण काढून वास घेतला आणि अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "हाई ते विरजणच शे ना!"

आजचे आमचे सारे विवेचन काकूंच्या या एका वाक्याचे भाष्य आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रथम त्या पावाविषयी थोडेसे. इंग्रजीत त्याला सावरडो म्हणतात, म्हणजे आंबट कणीक. विकतचे यीस्ट न घालता, पीठ आणि पाणी एकत्र ठेवल्याने त्यात आपोआप वाढणारे रानटी यीस्ट, आणि त्यांच्या सोबतीला दुधाचे दही करणाऱ्या कुळातले जंतू, अशा दोघांच्या संसारातून हा पाव फुगतो आणि आंबट होतो. युरोपात आणि मिसर देशात हजारो वर्षे पाव असाच होत असे. इस्रायलचे लोक मिसरातून इतक्या घाईने निघाले की त्यांची कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही, अशी कथा बायबलात आहे, आणि तिच्या स्मरणार्थ यहुदी लोक आजही ठरावीक दिवस न आंबवलेली भाकरी खातात. आंबण्याचे हे काम सजीव जंतू करतात हे शास्त्राने सिद्ध केले ते फार उशिरा. फ्रान्समधील लिल येथे असताना लुई पास्तर याने 1857 साली दूध आंबट होण्याच्या क्रियेवर आपला प्रबंध मांडला. पुढे बाजारी यीस्ट आले आणि घरोघरची आंबट कणीक मागे पडली. 2020 साली महामारीत जग घरात कोंडले गेले, दुकानांतून यीस्ट मिळेनासे झाले, तेव्हा लोकांना तिची पुन्हा आठवण झाली. माणसे एकमेकांच्या दारात बरण्या ठेवून जाऊ लागली.

आता खानदेशाकडे वळू. 1906 साली इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केलेला हा मुलूख आज जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांत आहे. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर हा प्रांत मोगलांकडे गेला. अबुल फजलने ऐने अकबरीत या सुभ्याविषयी लिहिताना येथील मुख्य पीक ज्वारी असल्याचे नमूद केले आहे. काही ठिकाणी तर ती वर्षातून तीनदा होते आणि तिचे ताट फळासारखे गोड लागते, असे तो कौतुकाने सांगतो. दिल्ली-आग्र्याच्या दरबारी माणसाला आमच्या ज्वारीचे ताट गोड लागावे, याचा आम्हांस अभिमान वाटतो, हे लपवून काय उपयोग!

परंतु ज्वारीचा पाव होत नाही. गव्हाच्या कणकेत जो चिवट चिकटपणा असतो तो ज्वारीच्या पिठात नाही. त्यामुळे आंबताना सुटणारी हवा ते धरून ठेवत नाही आणि पीठ फुगत नाही. म्हणून खानदेशी बाईने भाकरी ताज्या पिठाचीच थापली आणि उडीद मिसळून कळण्याची भाकरी केली तीही ताजीच. मग आंबवण्याची विद्या येथे नव्हती काय? होती, आणि चांगली मुरलेली होती. ती भाकरीत न जाता बिबड्यांत गेली.

जे श्रोते खानदेशाबाहेरचे असतील त्यांच्यासाठी बिबडे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. चैत्र-वैशाखात, ऊन पंचेचाळीस अंशांकडे झुकू लागले की ज्वारी ओलवून कांडतात, कोंडा पाखडून काढतात आणि तिचा भरडा पाण्यात दोन-तीन दिवस आंबत ठेवतात. घरात एक आंबूस दर्प पसरतो. तो कोणाला आवडत नाही, आणि परगावी गेल्यावर सर्वांना आठवतो. नंतर भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ, मीठ घालून त्याचा घाटा शिजवतात. हे एकट्यादुकट्या बाईचे काम नव्हे. एकीने चुलीपाशी घाटा हाटायचा, दुसरीने तो गच्चीवर पोचवायचा आणि चौघींनी हात ओले करून ओल्या कापडावर गरमगरम थापत जायचे. सूर्य वर येण्याच्या आत पातेले रिकामे झाले पाहिजे. पोळलेले तळवे पाण्यात बुडवीत बुडवीत थापायचे असतात. संध्याकाळी कापड उलटे करून पाठीमागून पाणी मारले की बिबडे सुटतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असा पंधरा दिवस आळीचा क्रम चाले. मजुरी कोणी मागत नसे. गरम घाटा आणि त्यावर कच्चे तेल एवढाच मेहनताना, आणि तो खायला पोरे तर न बोलावता हजर!

याच दिवसांत आखाजी येते. बाकीच्या महाराष्ट्रात जी अक्षय तृतीया, तीच खानदेशात आखाजी. पण येथे तिचा थाट दिवाळीसारखा असतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात. आणि लेक परत निघाली की तिच्या गाठोड्यात बिबडे आणि कुरडया हटकून असतात. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढायचा आणि त्याच्या कुरडया पाडायच्या. तीही आंबवण्याचीच कला. येथे देण्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आई लेकीला धान्य देऊ शकली असती. तिने दिले ते आळीतल्या दहा हातांचे काम, आणि पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवसाची सोय. सासरी श्रावणात डबा उघडला की माहेरच्या गच्चीचा वास यावा, हा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नाही.

बिबडे वर्षातून एकदा; विरजण मात्र रोजचे. दूध तापवून कोमट झाले, आणि घरात कालचे दही संपलेले असले की पोराच्या हातात वाटी देऊन त्याला शेजारी पिटाळायचे. विरजण मागण्यात कमीपणा नव्हता. साखर उसनी आणली तर परत करावी लागे. विरजण कोणी परत केल्याचे आम्ही पाहिले नाही. दिवेलागणीनंतर मात्र कित्येक घरांत ते देत नसत, म्हणून पोर सूर्याकडे पाहत पळे. कुठेच मिळाले नाही तर दुधात मिरचीचे देठ टाकून ठेवायचे. ही युक्ती फार जुनी म्हणावी लागेल, कारण तैत्तिरीय संहितेत अमावास्येच्या हवीसाठी दूध विरजण्याचे जे विधान आहे, त्यात पूतीक वनस्पती, पळसाची साल, बोरे, तांदूळ अशी विरजणे एकामागून एक सांगून अखेर दह्यानेच दूध विरजावे असा निर्णय दिला आहे. म्हणजे काहीच नसताना दही कसे सुरू करावे हे त्या काळीही ठाऊक होते. तरी कोणाच्या तरी आधीच्या दह्यापासून झालेले दही ते श्रेष्ठ.

जाता जाता एक तक्रार. आपल्या भाषेने विरजणाला न्याय दिलेला नाही. उत्साहावर 'विरजण पडले' असे आपण म्हणतो, जणू दूध नासले! वास्तविक विरजण पडल्यावाचून दही नाही, ताक नाही आणि लोणीही नाही.

धुळे हे इतिहासाचार्य राजवाड्यांचे अखेरचे गाव. 1926 च्या शेवटच्या दिवशी त्यांचा देह तेथेच पडला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे 22 खंड त्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून सिद्ध केले. ज्या घरांच्या माळ्यावर ही दप्तरे सापडत, त्याच घरांच्या स्वयंपाकघरांतून रोज विरजणाची वाटी ये-जा करीत होती. पण कागदावर येते ते ज्याला किंमत असते ते, किंवा ज्यावरून भांडण होते ते. विरजणाला किंमत नव्हती आणि त्यावरून कोणी फिर्यादही केली नाही. हा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हते. मुलाने आणि नातलगांनी टिपून ठेवली म्हणून 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. किती असोद्यांत कोणी टिपून ठेवणारा नसेल!

येथवर आम्ही जे चित्र काढले ते गोड आहे, आणि येथेच थांबलो तर ते खोटे ठरेल. अन्नाची देवघेव कोठवर चालते यावरून समाजाच्या भिंती दिसतात. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्यावरच 1890 च्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले, आणि 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. परक्या हातचा भाजका तुकडा एवढा महाग होता! ही झाली वरच्या वर्गातल्या वादाची कथा. खालच्या भिंतीची कथा सांगायला आम्हांस दूर जावयास नको. आमच्याच वाड्यात सालदार होता. खानदेशात सालदाराचे साल आखाजीपासून आखाजीपर्यंत धरण्याची चाल. त्याची बायको मागल्या दारी ताकाला येई. तिचे भांडे जमिनीवर ठेवलेले असे आणि ताक वरून ओतले जाई. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपण म्हणतो. तिला भांडे लपवण्याचा प्रश्नच नव्हता, ते अंगणात सर्वांना दिसेल असे ठेवावे लागे. विरजण मागायला ती कधी आली नाही. त्याचे कारण पुष्कळ वर्षे आमच्या ध्यानातच आले नाही: विरजण लावायला तिच्या घरी दूधच नव्हते. बिबडे थापण्याच्या दिवशी ती ज्वारी कांडून जाई. थापण्याच्या कापडापाशी तिला बसवीत नसत.

अमळनेरच्या शाळेत ज्यांनी मुलांना शिकवले त्या साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, आणि देवाचे दार उघडले. आमच्या वाड्यातही त्या वेळी गुरुजींची तसबीर होती, असे काकू सांगतात. त्यांना आम्ही विचारले, की त्यानंतर ताक वरून ओतणे केव्हा थांबले? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की थांबले असे नाही. गाई विकल्या तेव्हा ताकच संपले.

आज जळगाव-धुळ्यात दही पिशवीत मिळते, आणि विरजण मागायला पोर येत नाही. बिबडे महिलांचे बचत गट करतात, आणि ते पुण्या-मुंबईस व परदेशीही जातात. ज्यांच्या आज्यांना कापडापाशी बसू दिले नाही त्यांतल्या काहीजणी आता गटात घाटा हाटतात आणि पैसे मोजून घेतात. शेजारधर्म बुडाला म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हेही पाहावे. मोबदला न मागता काम करण्याचा मोठेपणा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्यापैकी काहींना मागण्याची सोयच नव्हती.

पुतणीची बरणी आमच्या स्वयंपाकघरात आठ दिवस राहिली. काकूंनी तिला गव्हाबरोबर थोडे ज्वारीचे पीठ घालून पाहिले. पाव बसका झाला, पण चवीला बरा होता. पुतणी परत निघाली तेव्हा काकूंनी तिच्या पिशवीत बिबड्यांचा डबा घातला आणि वर एक लहानशी स्टीलची डबी ठेवली. डबीत चमचाभर दही होते. "मनमाडले उघडी पाय," असे त्या म्हणाल्या, म्हणजे मनमाडला गाडी थांबली की उघडून बघ, उन्हाने फार आंबले तर नाही ना.